मेहारीचा होकार

सेमहार खुर्चीवर चढली आणि छताला लावलेल्या धुराच्या अलार्मवर तिने आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवली. आईनेच फर्मावले होते, आधी टोपी लाव, नाहीतर वरच्या मजल्यावरची जर्मन म्हातारी बंब बोलावेल. म्हणजे आई बिया भाजणार होती. बिया भाजायच्या म्हणजे कॉफीच्या तीन फेऱ्या आल्या, आणि तीन फेऱ्या होईपर्यंत उठायची सोय नाही. बाहेरच्या खोलीत तीन माणसे सोफ्याच्या काठावर टेकली होती. शनिवार होता, अजून पुरते उजाडले नव्हते, आणि ती माणसे काही कॉफी प्यायला आली नव्हती. ती सेमहारच्या वडिलांच्या मरणाची बातमी घेऊन आली होती. त्यांना बोलावून घेतले होते सेमहारनेच.

आपल्या लोकांत मरण फोनवर सांगत नाहीत. मायदेशातून, अस्मारातून नाहीतर केरेनमधून, फोन येतो तो शेजाऱ्याला, मानलेल्या भावाला, चर्चमधल्या कुणाला तरी. मग वडीलधारी माणसे जमतात आणि ज्याचे कुणी गेले तो कामावर निघायच्या आत त्याच्या दारात जाऊन उभी राहतात. पहाटे दारात पांढऱ्या शाली दिसल्या की अर्धी बातमी तिथेच कळते. उरलेली अर्धी सांगायचे काम फ्रँकफर्टमध्ये वर्षानुवर्षे अबोय हाबते यांच्याकडे होते. अबोय म्हणजे बाप. त्यांना स्वतःचे मूल नव्हते, पण लहानथोर सगळे त्यांना अबोयच म्हणत.

सरकारचे गोडवे गाणारे आणि सरकारला शिव्या घालणारे, असे आपले दोन तट. दोघांची लग्ने वेगळी, चर्च वेगळे, मसाल्याचे दुकानसुद्धा वेगळे. अबोय हाबते तेवढे दोन्हीकडे चालत. ते कुठल्याच झेंड्याखाली उभे राहत नसत, कारण उद्या कुणाच्या दारात जावे लागेल याचा नेम नसतो. बाजारात ते नुसते समोरून येताना दिसले तरी काही बायका रस्ता ओलांडून पलीकडे जात आणि तिथूनच मान लववत.

आजही त्यांनी नेहमीसारखीच सुरुवात केली होती. सेमहारच्या आईने, तिरहासने, दार उघडल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, जमिनीकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाले,

"तिरहास, लेकी, या जगात आपण सगळे पाहुणेच..."

"पाहुणेच तर," आई म्हणाली. "आणि पाहुण्यांना कुणी दारात उभं करतं का? आत या. सेमहारला मागणी घालायला आलात ना? तो यारेद भलताच उतावळा निघाला. तुम्हाला उजाडूसुद्धा दिलं नाही त्यानं."

मुलीला मागणी घालायला आपल्यात हीच माणसे जातात, याच शाली पांघरून जातात, हे काही खोटे नव्हते. फक्त पहाटे कुणी जात नाही. अबोय हाबते हातातली टोपी फिरवत राहिले. चर्चचे धर्मगुरू केशी गोइतोम भिंतीकडे पाहू लागले. आईची मोर्चांतली जुनी सोबतीण अब्रेहेत गळा काढायच्या तयारीने आली होती, तिने भरून घेतलेला श्वास तसाच सोडला.

आईने अब्रेहेतचा कोट उतरवून घेतला. आत शालीची रंगीत किनार वर मानेशी आलेली होती, दुखवट्यात घेतात तशी. आईने ती पाहिली. शाल काढून झटकली आणि किनार खाली सोडून पुन्हा अब्रेहेतच्या खांद्यांवर घातली.

"उलटी पडली होती," ती म्हणाली. "घाईत होतं असं."

आईला सगळे कळले आहे हे सेमहारला तेव्हाच कळले.

सेमहारचा बाप मेहारी भूगोलाचा मास्तर होता. त्याआधी तो स्वातंत्र्यासाठी डोंगरात लढला होता आणि बॉम्बच्या तुकड्याने त्याचा डावा कान अर्धा उडाला होता. स्वातंत्र्य आल्यावर काही वर्षांनी शिक्षकांच्या सभेत त्याने दोनच गोष्टी विचारल्या. राज्यघटना लागू कधी होणार, आणि आमच्या पोरांची सैन्यातली सक्तीची नोकरी संपणार कधी. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकातून, मुलांच्या देखत, त्याला गाडीत घालून नेले. सेमहार तेव्हा दोन वर्षांची होती. खटला नाही, ठावठिकाणा नाही, आहे की नाही एवढेही नाही. आई मुलीला पाठीशी बांधून सीमा ओलांडून सुदानात गेली आणि तिथून कशीबशी इथे आली.

इथे ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात राबते आणि महिन्यातून एका सोमवारी रजा काढून मायदेशाच्या कॉन्सुलेटसमोर उभी राहते, आताच्या सरकारने बदललेला आपला जुना निळा झेंडा आणि मेहारीचा फोटो घेऊन. मेहारी कुठे आहे, एवढेच विचारते. वरच्या खिडकीतून कुणीतरी मोबाइलवर तिचा चेहरा टिपतो, आणि तिकडे अस्मारात तिच्या भावाच्या दुकानाला टाळे लागते. भावाने तिच्याशी बोलणे टाकले. आईने विचारणे टाकले नाही.

तीन वर्षांपूर्वी यारेदची माणसे खरोखरच मागणी घेऊन आली होती, भर दुपारी, रीतसर. आईने त्यांना जेवू घातले आणि सांगितले, मुलीचा बाप आहे, त्याला विचारा, पत्ता सरकारकडे मिळेल. माणसे माना खाली घालून गेली. यारेद थांबला, सेमहारही थांबली.

आणि गेल्या उन्हाळ्यात रेझेने नावाचा एक माणूस सेमहारला भेटला. तो तिकडच्या एका तुरुंगात पहारेकरी होता. पळाला, वाळवंट आणि समुद्र ओलांडून आला आणि आता एका लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतो. कैद्यांची नावे त्याला माहीत नव्हती, नावाने हाक मारायला तिथे बंदीच होती. पण एकाचा डावा कान अर्धाच होता, आणि तो पहारेकऱ्यांना जगातल्या नद्या पाठ करायला लावी. एका पावसाळ्यात तो तापाने गेला. "चादरीचं एक टोक माझ्या हातात होतं," रेझेने म्हणाला आणि त्यानंतर त्याने मान वर केली नाही.

हे आईला सांगायची सेमहारची छाती झाली नाही. काही महिने तिने ते पोटात ठेवले, मग अबोय हाबतेंकडे गेली. लग्न अडले होते हे एक कारण होतेच, ते ती नाकारत नव्हती. पण अबोयना तिने जे सांगितले तेही तितकेच खरे होते.

"मला बाप हवाय, अबोय. मेलेला तर मेलेला. मला एकदा त्याच्यासाठी रडायचंय."

अबोयनी शब्द उच्चारला की तो मागे घेता येत नाही. गाद्या जमिनीवर येतात, फोटोपुढे मेणबत्ती लागते, बारा दिवस लोक येऊन बसतात. आणि ज्याच्यासाठी मेणबत्ती लावली तो कुठे आहे, असे कॉन्सुलेटसमोर उभे राहून मग विचारता येत नाही. आई म्हणूनच बिया भाजत होती.

"आई, ते कशासाठी आलेत ते तुला माहीत आहे," सेमहार खुर्चीवरून उतरत म्हणाली.

"माहीत आहे. तुझ्या लग्नासाठी. पेले पूस."

"आई."

"पेले पूस, सेमहार. पाहुण्यांपुढे ओले पेले ठेवतात का?"

आई धुरकटलेला तवा घेऊन बाहेर गेली आणि तिने तो एकेकाच्या नाकापुढे धरला. रीत आहे, वास हाताने ओढून घ्यावाच लागतो. तिघांनी घेतला. मग कुटणे झाले, मातीच्या सुरईत पाणी उकळले, आणि या सगळ्यात आई सारखी बोलत राहिली, थंडीबद्दल, गुडघ्यांबद्दल, वृद्धाश्रमात आलेल्या नव्या साहेबिणीबद्दल. अबोय दर वेळी एखादी फट शोधत आणि दर वेळी आई त्यांच्या हातात काहीतरी ठेवी, आधी मक्याच्या लाह्या, मग साखर.

"बोला," पहिली फेरी ओतत ती म्हणाली. "मुलगा काय करतो?"

अब्रेहेतने अबोयकडे पाहिले, अबोयनी केशींकडे. यारेद काय करतो हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होते, अब्रेहेतचा तर तो सख्खा भाचा.

"ट्राम चालवतो," शेवटी अब्रेहेत म्हणाली.

"म्हणजे रुळांवरून. मेहारी म्हणेल, बरं झालं, भूगोल कच्चा असला तरी पोरगा चुकायचा नाही."

केशींना हसू आले आणि त्यांनी ते खोकल्यात लपवले. सेमहार मात्र त्या 'म्हणेल'पाशी अडकली. ती लहान होती तेव्हापासून आई असेच बोलत आली होती. मेहारीला हे आवडेल, मेहारी यावर चिडेल. शाळेत बाकीच्या मुलींचे बाप घ्यायला यायचे, हिचा बाप वाक्यांतून यायचा.

दुसरी फेरी पहिलीपेक्षा पातळ असते. अबोयनी पेला हातात घेतला, पण ओठांना लावला नाही.

"तिरहास, मेहारीबद्दलच मला..."

"त्याच्याबद्दलच बोलतोय आपण, अबोय. पाव घ्या ना. कालचा आहे, पण मऊ आहे."

"आई, पुरे झालं," सेमहार म्हणाली. तिचा आवाज तिला वाटले होते त्याहून मोठा निघाला. "बोलू दे त्यांना. मी बोलावलंय त्यांना."

आईने सुरई गवताच्या चुंबळीवर नीट बसवली.

"मला कळलं ते. एवढ्या पहाटे तू केस विंचरून, कपडे करून बसली होतीस. शनिवारी तू दहाच्या आत उठतेस कधी?" मग ती अबोयकडे वळली. आता तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "अबोय, एक विचारते. इतक्या घरांत तुम्ही बातमी नेलीत. ती तुम्हाला कोण आणून देतं?"

अबोय हाबतेंनी हातातला पेला खाली ठेवला. "घरचं कुणीतरी. नाहीतर ज्याच्या हातात माणूस गेला तो."

"माझा माणूस ज्यांच्या हातात होता, त्यांनी दिलाय तुमच्याकडे निरोप?"

"नाही," अबोय म्हणाले. या कामात ते कधी खोटे बोलले नव्हते.

"मग तुम्ही कशाला सांगता? त्यांनी नेला, दिवसाढवळ्या, शाळेच्या पोरांसमोर. सांगायचंही त्यांनीच. इथे या दारात येऊन, शाल घेऊन, तुमच्यासारखं खाली बघून. तुम्ही सांगितलंत की ते सुटले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना कुणी काही विचारणार नाही, आणि मला तर कुणीच विचारू देणार नाही. माझ्या तोंडाला तेवढी एकच गोष्ट शिल्लक आहे, अबोय. ती काढून घेऊ नका."

अब्रेहेतने शालीचे टोक तोंडाशी नेले. सेमहारला आईचा राग आला होता, तो अजून गेला नव्हता, पण त्याला उभे राहायला आता जागा राहिली नव्हती.

आईने तिसरी फेरी ओतली. ही आशीर्वादाची फेरी, हिच्यानंतर पाहुणे उठतात. तिने पेले एकेकाच्या हातात दिले, सेमहारलाही दिला.

"आता तुम्ही ज्यासाठी आलात त्याचं उत्तर ऐका," ती म्हणाली. "तीन वर्षं मी सांगत आले, मुलीचा बाप काय ते सांगेल. मेहारीचा होकार आहे."

मेहारीने हा होकार कधी कळवला, असे कुणी विचारले नाही. अबोय हाबतेंनी पेला खाली ठेवला आणि ते उभे राहिले. गुडघे धरून उभे राहायला त्यांना वेळ लागला.

"ऐकला आम्ही," ते म्हणाले.

होकार मिळाला की बायकांनी आनंदाची किलकारी द्यायची असते, आणि पाहुण्यांत बाई एकच होती. अब्रेहेत रडायला म्हणून आली होती. तिने जीभ हलवली, सूर वर चढवला, तो मध्येच फाटला, पण तिने तो सोडला नाही, शेवटपर्यंत नेला. मग केशी गोइतोम आशीर्वाद म्हणू लागले. घराला बरकत दे, लेकरांना आयुष्य दे. त्यापुढे दर वेळी येते ते, दूर गेलेल्यांना सुखरूप घरी आण. तिथे केशी थांबले. त्यांनी तिरहासकडे पाहिले. "दूर गेलेल्यांना विसावा दे," ते म्हणाले.

"आमेन," आई म्हणाली.

दारात अबोय हाबते शाल सावरत रेंगाळले.

"सोमवारी जातेस ना तिकडे?"

"जाते."

"मी येतो."

"तुम्ही कधी आला नाहीत, अबोय. अर्धी दारं बंद होतील तुम्हाला."

"होतील."

आईने त्यांच्या शालीकडे पाहिले. "मग पहाटे या," ती म्हणाली. "तिथली माणसं यायच्या आत. केशींनाही आणा. झेंडा मी घरी ठेवीन."

दार लागल्यावर आई स्वयंपाकघरात जाऊन पेले धुवायला लागली. सेमहार तिच्या मागे उभी राहिली.

"तुला कधी कळलं?"

"रेझेने आधी माझ्याकडे आला होता. वसंतात. मीच त्याला म्हटलं, मुलीला सांग, तिला हक्क आहे. माझ्या तोंडून ते निघालं नसतं." नळ वाहत होता. "मला वाटलं होतं, तू येशील माझ्याकडे. तू अबोयकडे गेलीस."

"मला वाटलं तू कोसळशील."

"कोसळले होते. तू कामावर होतीस."

सेमहारने नळ बंद केला. मग दोघी तिथेच फरशीवर बसल्या, ओल्या पेल्यांसकट. आईने केस सोडले आणि सेमहार पहिल्यांदा आपल्या बापासाठी रडली, मोठ्याने, शेजारी काय म्हणतील याची पर्वा न करता. आई रडताना आवाज करत नव्हती. ती मुलीचे डोके छातीशी धरून पुढेमागे हलत राहिली, आणि बराच वेळ कुणाला उठावेसे वाटले नाही.

सोमवारी पहाटे बर्फाचा बारीक चुरा पडत होता. कॉन्सुलेटचे दार अजून बंद होते. पायऱ्यांच्या खाली पाचजण उभे होते, अबोय हाबते पुढे, त्यांच्या शेजारी केशी गोइतोम, मागे तिघी बायका. फोटो नव्हता, भोंगा नव्हता, कुणी बोलत नव्हते. सगळ्यांच्या कोटांवरून पांढऱ्या शाली होत्या, आणि बायकांनी किनारी वर मानेशी घेतल्या होत्या.

कोपऱ्यावरून एक माणूस आला. पन्नाशीचा, हातात किल्ल्यांचा जुडगा, काखेत पाव. सेमहारने त्याला ओळखले. वरच्या खिडकीत मोबाइल धरून उभा राहणारा तो हाच. त्याने आधी नुसती माणसे पाहिली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. मग त्याला शाली दिसल्या. मग सगळ्यांत पुढे अबोय हाबते दिसले. त्याची पावले जागीच थांबली.

"अबोय," तो म्हणाला. पाव काखेतून खाली पडला, त्याने तो उचलला नाही. "कोण? आई?"

अबोय हाबते जमिनीकडे पाहत उभे होते. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे सांगायला काही नाही, असे कधी झाले नव्हते. त्या माणसाचे ओठ नुसते हलत होते, आणि सेमहारला त्याचे ते हाल बघवेनात. ती पुढे होणार तेवढ्यात आईच पुढे झाली. तिने त्याला ताटकळत ठेवले नाही.

"तुझी आई बरी आहे, भाऊ," ती म्हणाली. "तुझं कुणी गेलेलं नाही. आम्ही सांगायला नाही आलो. ऐकायला आलोय."

त्याने भिंतीचा आधार घेतला. तो तिरहासकडे पाहत राहिला, खिडकीतून नव्हे, हाताच्या अंतरावरून. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली.

कुणाबद्दल, हे त्याने विचारले नाही.